साम्यवाद आणि समाजवाद व्यवहारात चालतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परळच्या एका वाचनालयात आम्ही महिन्यातून एकदा अर्थकारणाचा अभ्यासवर्ग घेतो. वर्ग सुटल्यावर जिन्यात जे प्रश्न विचारले जातात आणि पुढे आठवडाभर मोबाइलवर जे येत राहतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरे माझी आहेत, आणि त्यांत जिथे माझे मत आले आहे तिथे ते मत म्हणूनच वाचावे. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साम्यवाद आणि समाजवाद एकच ना? आमच्या घरी तर दोन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात.

जमीन, कारखाने, खाणी, बँका अशी उत्पादनाची मुख्य साधने समाजाच्या मालकीची असावीत, हा समाजवादाचा गाभा आहे. समाजाच्या वतीने ही मालकी कोणी सांभाळायची, सरकारने, नगरपालिकेने, सहकारी संस्थेने की त्या कारखान्यातल्या कामगारांनीच, यावर समाजवाद्यांमध्ये दीडशे वर्षे वाद चालू आहे. साम्यवाद ही त्यापुढची अवस्था; तिच्यात वर्ग उरणार नाहीत, पैसा उरणार नाही आणि शेवटी राज्यसंस्थाही गळून पडेल, अशी कल्पना आहे. मार्क्सने १८७५ साली जर्मन कामगार पक्षाच्या गोथा कार्यक्रमावर टीका करताना दोन टप्पे सांगितले: पहिल्यात प्रत्येकाला कामाप्रमाणे, नंतरच्यात प्रत्येकाला गरजेप्रमाणे. पहिल्या टप्प्याला समाजवाद म्हणण्याचा प्रघात पुढे लेनिनच्या लिखाणातून पक्का झाला. म्हणूनच सोव्हिएत संघाच्या अधिकृत नावातही शब्द होता तो ‘समाजवादी’.

मुंबईला हा फरक कळला तो पक्षांच्या भांडणातून. नाशिकच्या तुरुंगात जयप्रकाश नारायण, अच्युत पटवर्धन, अशोक मेहता, मिनू मसानी, ना. ग. गोरे यांच्या चर्चांतून काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना निघाली आणि १९३४ साली तो पक्ष उभा राहिला. (यांतलेच मसानी पुढे १९५९ साली खुल्या बाजाराचा कैवार घेणाऱ्या स्वतंत्र पक्षाच्या संस्थापकांत दिसतात.) जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केल्यानंतर कम्युनिस्टांनी युद्धप्रयत्नांना पाठिंबा दिला आणि ते १९४२ च्या ‘चले जाव’पासून दूर राहिले, पटवर्धनांसारखे समाजवादी त्या वेळी भूमिगत होऊन लढत होते. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात दोघे एका व्यासपीठावर आले, तरी ती अढी पुरती गेली नाही.

२. एखादी व्यवस्था ‘चालली’ की ‘फसली’ हे ठरवायचे कशावरून?

लोकांना पोटभर अन्न, औषध आणि शाळा मिळाली का, हे पहिले बघावे. उत्पादन वर्षानुवर्षे सुधारत गेले का, हे दुसरे. या दोन कसोट्या सगळेच लावतात. मी तिसरी लावतो आणि तिला जास्त वजन देतो: वरून झालेली चूक खाली भोगणाऱ्यांना बोलून दाखवता येते का, आणि बोलल्यावर ती थांबते का? चूक न करणारी व्यवस्था जगात नाही. पण चुकीची किंमत काही ठिकाणी चार महिन्यांत वसूल होते आणि काही ठिकाणी चाळीस वर्षांनी, व्याजासकट. पुढच्या उत्तरांत हीच कसोटी पुन्हा पुन्हा येईल.

३. सोव्हिएत संघ एवढा पुढे गेला, अवकाशातही आधी पोहोचला, मग अचानक कोसळला कसा?

पुढे गेला हे खरेच आहे. १९२८ साली पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली तेव्हा बहुतांश शेतकऱ्यांचा असलेला देश तीस वर्षांच्या आत पहिला उपग्रह सोडतो, ही लहान गोष्ट नव्हे. आपल्या पवईची आयआयटी १९५८ साली उभी राहिली तीही युनेस्कोमार्फत आलेल्या सोव्हिएत यंत्रांच्या आणि तज्ज्ञांच्या मदतीने.

केंद्रीय नियोजन एका प्रकारच्या कामाला चांगले जमते: उद्दिष्ट एक आहे, माल मोजता येतो, आणि माणसे व पोलाद एका जागेवरून उचलून दुसरीकडे नेले की उत्पादन वाढते. धरण, पोलादाचा कारखाना, रणगाडे ही अशी कामे. गावाकडची माणसे कारखान्यांत आणून संपली, सोप्या खाणी उकरून झाल्या, आणि आता त्याच माणसांकडून त्याच यंत्रांवर अधिक चांगला माल काढायचा आहे, अशी वेळ आली तेव्हा १९७० च्या दशकात ही गाडी रुतू लागली. कारखान्याच्या व्यवस्थापकाला वरून आलेला आकडा गाठायचा असे. माल ग्राहकाला आवडला की नाही, यावर त्याचे काही अवलंबून नव्हते. तोटा आला तर सरकार भरून देई. हंगेरीचे अर्थतज्ज्ञ यानोश कोर्नाई यांनी या व्यवस्थेचा कायमचा गुणधर्म टंचाई हाच आहे, असे आतून पाहून मांडले.

शेतीत हे सर्वांत उघडे पडले. सामूहिक शेतकऱ्यांना घराभोवती लहानसा खासगी तुकडा ठेवण्याची मुभा होती. हे तुकडे मिळून पेरणीखालच्या जमिनीच्या सुमारे ३ टक्के होते, पण देशाच्या शेतीउत्पन्नातला जवळपास चौथा हिस्सा त्यांतून येई. माणसे तीच, हवामान तेच. तरीही ही गोष्ट अधिकृतपणे मान्य करून धोरण बदलायला कोणी धजले नाही. १९८६ साली तेलाचे भाव पडले, परकीय चलन आटले, आणि डिसेंबर १९९१ मध्ये संघ विसर्जित झाला. लोक विचारतात तो ‘अचानक’ शब्द मात्र चुकीचा आहे. दुखणे वीस वर्षे जुने होते, सांगायची सोय नव्हती.

४. आता तर संगणक आहेत. सरकारने सगळ्यांच्या गरजा नोंदवून उत्पादन ठरवले तर बाजार कशाला हवा?

हा वाद १९२० पासूनचा आहे. ऑस्ट्रियन अर्थतज्ज्ञ लुडविग फॉन मिझेस यांनी तेव्हा आक्षेप घेतला की यंत्रसामग्री आणि कच्चा माल यांची खरेदी-विक्रीच नसेल तर त्यांची किंमत ठरणार नाही, आणि किंमत नसेल तर पोलादाचा रूळ करावा की नांगर, हे ठरवायला हिशेबाचे एककच राहणार नाही. पोलंडचे समाजवादी अर्थतज्ज्ञ ऑस्कर लांगे यांनी उत्तर दिले की नियोजन मंडळ चाचपडत, टंचाई दिसली की भाव वाढवून आणि साठा पडून राहिला की भाव उतरवून, तेच काम करू शकेल. १९४५ साली मिझेस यांच्याच बाजूचे अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेक यांनी मुद्दा वेगळ्या अंगाने मांडला: जे ज्ञान लागते ते कुठे एका जागी लिहिलेले नसतेच.

त्यांचे म्हणणे समजायला पावसाळ्यात पहाटे दादरच्या भाजीबाजारात जावे. कसारा घाटात दरड कोसळली म्हणून नाशिकची गाडी अडली आहे, हे बाजारातल्या सगळ्यांना ठाऊक नसते. पण कालची दहा रुपयांची कोथिंबिरीची जुडी आज तिप्पट भावाने जाते आहे, एवढे दिसते. खानावळवाला चटणीत पुदिना वाढवतो, एखादा अडत्या पुण्याच्या बाजूला फोन लावतो, आणि आजी जुडी उचलून वास घेऊन परत ठेवते. या तिघांनी कुठलाही फॉर्म भरला नाही. आजी कोथिंबिरीला किती भावापर्यंत चिकटून राहील, हे भाव ऐकेपर्यंत आजीलाही माहीत नव्हते. ते कोणत्या संगणकात आधी नोंदवणार?

संगणकाची बाजू अगदीच पोकळ नाही. सोव्हिएत गणिती लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ साली एका प्लायवुड उद्योगाच्या अडचणीवरून जी पद्धत शोधली तिच्यासाठी त्यांना १९७५ साली नोबेल मिळाले, आणि आज मोठमोठ्या खासगी कंपन्या आपल्या गोदामांचे नियोजन त्याच घराण्यातल्या गणिताने करतात. पण त्या कंपन्यांच्या बाहेर भाव सांगणारा बाजार असतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाऊ शकते. शिवाय सोव्हिएत नियोजनाची मोठी अडचण गणिताची नव्हतीच. खालून वर येणारे आकडे खोटे असत.

५. दुष्काळाने माणसे मेली तर दोष पावसाचा की राजवटीचा?

पिके बुडणे निसर्गाचे. माणसे मरणे बहुतेक वेळा राज्यकर्त्यांचे. युक्रेन आणि कझाकस्तानात १९३२-३३ साली जबरदस्तीच्या सामूहिकीकरणात आणि धान्यवसुलीत लक्षावधी लोक मेले. चीनमध्ये शेती आणि पोलाद एकदम वाढवण्याच्या १९५८ च्या ‘मोठ्या झेपे’नंतरच्या दुष्काळात किती मेले याचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात. तिथल्या अधिकाऱ्यांनी बढतीच्या आशेने आणि शिक्षेच्या भीतीने पीक फुगवून कळवले, त्या फुगलेल्या आकड्यावर वसुली ठरली, गावात खायला राहिले नाही, आणि सरकार धान्य निर्यात करत राहिले. छापून आणायला स्वतंत्र वर्तमानपत्र नव्हते.

याच्या शेजारी १९७२ चा महाराष्ट्र ठेवावा. दुष्काळ भयंकर होता, हाल झाले. पण वर्तमानपत्रांत रोज बातम्या येत होत्या, विधानसभेत विरोधक सरकारला धारेवर धरत होते, आणि मुंबईत समाजवादी मृणाल गोरे व कम्युनिस्ट अहिल्या रांगणेकर महागाईविरुद्ध बायकांचे लाटणे मोर्चे काढत होत्या. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या ५० लाखांच्या आसपास गेली. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी योजना याच काळात आकाराला आली आणि पुढे तिचा कायदा झाला.

त्या योजनेचा खर्च कोण देतो, हे नोकरदार मुंबईकराने आपल्या पगारपत्रकात पाहावे. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी ‘पी. टी.’ची कपात असते. हा व्यवसाय कर १९७५ साली मुख्यतः रोजगार हमीसाठी आला. नरिमन पॉइंटच्या कारकुनाच्या पगारातून मराठवाड्यातल्या पाझर तलावावरची मजुरी निघाली, आणि ‘समाजवाद इथे कधीच आला नाही’ असे त्यातले कित्येक जण शपथेवर सांगतील.

६. चीनवर साम्यवादी पक्षाचे राज्य आहे आणि चीन श्रीमंत झाला. म्हणजे साम्यवाद चालतो, असेच ना?

पक्ष तोच राहिला, अर्थव्यवस्था बदलली. १९७८ च्या अखेरीस आनह्वेइ प्रांतातल्या श्याओगांग गावच्या १८ शेतकऱ्यांनी सामूहिक जमीन घराघरांत वाटून घेण्याचा गुप्त करार केला आणि त्यावर अंगठे उठवले. कोणाला अटक झाली तर बाकीच्यांनी त्याची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत सांभाळायची, अशी अट त्यात होती. पुढच्याच हंगामात पीक कितीतरी वाढले. या वेळी वरच्यांनी डोळेझाक केली, मग मान्यता दिली, आणि पाच-सहा वर्षांत देशभरची कम्यून, म्हणजे सामूहिक शेतीची एकके, मोडीत निघाली. १९८० साली शेनझेन विशेष आर्थिक क्षेत्र झाले. चीनची भरभराट या बदलांनंतरची आहे. व्हिएतनामने १९८६ साली हीच वाट धरली.

तरीही माओच्या काळात काहीच झाले नाही, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. साक्षरता, लसीकरण आणि गावोगावचे प्राथमिक आरोग्यसेवक यांमुळे १९८० च्या सुमारास चिनी माणसाचे सरासरी आयुर्मान भारतीयापेक्षा सुमारे दहा वर्षांनी जास्त होते. कारखाने आले तेव्हा वाचता येणारे, धडधाकट कामगार तयार होते. शहरातली जमीन आजही तिथे सरकारचीच आहे आणि मोठ्या बँका सरकारी आहेत. याला काय नाव द्यायचे यावर अभ्यासक भांडतात. मी त्याला पक्षाच्या लगामाखालचा बाजार म्हणतो.

७. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क हे समाजवादी देश आहेत ना?

नाहीत. तिथे कारखाने आणि दुकाने मुख्यतः खासगी आहेत, व्यापार मोकळा आहे, आणि स्वीडनमध्ये तर कायद्याने ठरवलेले किमान वेतनही नाही. वेतन संघटना आणि मालक मिळून ठरवतात. भरभक्कम कर आणि त्यातून सर्वांना मिळणाऱ्या सेवा, ही सामाजिक लोकशाही झाली. नॉर्वेत सरकारचा वाटा मोठा आहे, विशेषतः तेलात. त्याबद्दल प्रश्न १४ पाहा.

८. आपल्या संविधानात ‘समाजवादी’ लिहिले आहे. मग भारत समाजवादी देश नाही का?

हा शब्द उद्देशिकेत १९७६ साली ४२ व्या दुरुस्तीने आला. संविधान सभेत अर्थतज्ज्ञ के. टी. शाह यांनी १५ नोव्हेंबर १९४८ रोजी तो घालण्याची सूचना केली होती आणि डॉ. आंबेडकरांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा की समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचे आहे. ते संविधानात बांधून टाकले तर लोकशाहीच संपते. हे सांगणारे आंबेडकर समाजवादाचे विरोधक नव्हते. आदल्याच वर्षी त्यांनी मूलभूत उद्योग आणि शेतजमीन राज्याच्या मालकीची करण्याचा आराखडा लिहिला होता. तो वाचून मग वरचा युक्तिवाद वाचला की त्याचे मोल कळते.

२०२४ च्या नोव्हेंबरात या विषयावर दोन निकाल आले. २५ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द वगळण्याच्या याचिका फेटाळल्या आणि त्याचा अर्थ कल्याणकारी राज्य असा घेतला. खासगी उद्योगाला त्याने आडकाठी होत नाही. ५ तारखेच्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाचे मूळ मुंबईतच आहे. दक्षिण मुंबईतल्या उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारती भाडेकरूंच्या सहकारी संस्थेसाठी सरकारला संपादित करता याव्यात आणि मालकाला मासिक भाड्याच्या शंभरपट मोबदला द्यावा, अशी तरतूद १९८६ साली म्हाडा कायद्यात आली. घरमालक न्यायालयात गेले. त्यातून प्रश्न निघाला तो असा की अनुच्छेद ३९(ख) मधील ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ या शब्दांत प्रत्येक खासगी मालमत्ता येते का. बहुमताने उत्तर दिले की सरसकट येत नाही. साधनाचे स्वरूप, त्याची टंचाई आणि समाजावरचा परिणाम पाहून ठरवावे लागेल.

९. पागडीचे घर हा समाजवाद म्हणायचा का? आमच्या घरमालकाला तो लूट वाटतो.

भाडेनियंत्रण ही मालकी न बदलता केलेली किंमतबंदी आहे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने बहुतेक जुनी भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. युद्धानंतरच्या गर्दीत ते आवश्यक होते, आणि त्या कायद्यामुळेच गिरणगावातला कामगार गिरणीपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहू शकला. घोळ झाला तो तात्पुरता कायदा मुदतवाढीवर मुदतवाढ घेत पन्नास वर्षे तसाच राहिल्याने. साठ-सत्तर रुपये भाडे घेणारा मालक छताची कौले बदलत नाही, भाडेकरू ‘घर मालकाचे’ म्हणून हात लावत नाही, आणि लाकडी जिना दरवर्षी एकेक पायरी खचत जातो. खरी किंमत पागडीच्या, म्हणजे घर ताब्यात देताना घेतलेल्या एकरकमी पैशाच्या, रूपाने टेबलाखालून वसूल होत राहिली, ती कायद्याने मान्य झाली १९९९ च्या नव्या कायद्यात. डागडुजीसाठी १९६९ साली उपकर आणि दुरुस्ती मंडळ आले. त्याच्या कक्षेत तेव्हा एकोणीस हजारांवर इमारती होत्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली म्हटले की गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत.

गरिबाला घर मिळवून देण्याचे याहून चांगले उदाहरण गोरेगावात आहे. मृणाल गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नागरी निवारा परिषदेमार्फत नागरी कमाल जमीन धारणा कायद्याचा आधार घेऊन दिंडोशीला सहा हजारांवर परवडणारी घरे उभी केली. त्या कायद्याखाली मुंबईत याच्या कैकपट घरे व्हायला हवी होती. जमीन सूट मिळवून सुटत राहिली आणि २००७ साली महाराष्ट्राने कायदाच रद्द केला.

१०. मुंबईत लाल बावटा एवढा जोरात होता. तो गेला कुठे?

१९२८ चा संप आठवावा. विणकराने दोनऐवजी तीन साचे (माग) सांभाळावेत अशी मालकांची योजना होती. सुमारे दीड लाख कामगार सहा महिने बाहेर राहिले, गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली आणि डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही कम्युनिस्ट पुढाऱ्यांची नावे घरोघरी पोहोचली. पुढल्या मार्चमध्ये यांतल्या बहुतेकांना मीरत कटाच्या खटल्यात पकडले.

त्याच संपात आंबेडकरांनी एक गोष्ट उघडी केली. जास्त पगाराच्या साचाखात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता, कारण धाग्याचे टोक मागात आडवा धागा नेणाऱ्या धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि तो धोटा सवर्ण विणकर तोंडाला लावायला तयार नसे. वर्गाची एकजूट मागणाऱ्या युनियनने ही मागणी मांडली ती आंबेडकरांनी आग्रह धरल्यावर. १९३८ च्या नोव्हेंबरात औद्योगिक तंटा विधेयकाविरुद्ध आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपात उतरले, पण ती मैत्री टिकली नाही. ‘तोंडाचा धोटा’ ज्या चळवळीला उशिरा दिसला, तिने पुढे भाषेचा आणि स्थानिक नोकऱ्यांचा प्रश्नही दुसऱ्यांच्या हाती जाऊ दिला. १९७० साली परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला आणि पोटनिवडणूक शिवसेनेने जिंकली.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला अडीच लाख कामगारांचा संप कम्युनिस्टांचा नव्हता. त्याचे नेते दत्ता सामंत मूळचे काँग्रेसमधले, आणि मान्यताप्राप्त संघटना बदलू न देणाऱ्या कायद्याविरुद्धचा तो उद्रेकही होता. तो संप आजतागायत रीतसर मागे घेतलेला नाही. माझे वडील साचाखात्यात होते. संपाच्या दुसऱ्या वर्षी ते गावी भाताला गेले आणि परत आले तेव्हा भोंगा वाजेनासा झाला होता. तरी पुढे कित्येक वर्षे ते पाळीच्या वेळेलाच उठत. सरकारने १९८३ साली मुंबईतल्या १३ गिरण्या ताब्यात घेतल्या, पुढे राष्ट्रीयीकरणही झाले. पण यंत्रे बदलली नाहीत आणि गिरणीपेक्षा तिची जमीन मोलाची झाली होती.

११. सरकारी मालकी म्हणजे तोटाच, हे खरे का?

खरे नाही. मुंबईत बस आणि वीज पुरवणारी बेस्ट ही मूळची खासगी कंपनी. महापालिकेने ती ७ ऑगस्ट १९४७ रोजी घेतली. पुढची अनेक दशके वीजपुरवठ्याच्या नफ्यातून बसचा तोटा भरून निघाला आणि शहराला सुरेख बससेवा मिळाली. विजेचे नियम बदलून ती वाट अरुंद झाली, तेव्हा ‘तोटा कोण भरणार’ याचे सरळ उत्तर कोणी दिले नाही. किमान भाडे २०१९ साली ५ रुपये केले, मे २०२५ मध्ये १० केले, आणि मधल्या काळात स्वतःच्या गाड्या घटत जाऊन कंत्राटदारांच्या वाढल्या. सार्वजनिक सेवेला तोटा होणे गैर नाही. तो अर्थसंकल्पात उघडपणे मान्य न करणे गैर आहे.

बँकांच्या बाबतीत दोन्ही बाजू दिसतात. १९६९ साली १४ बँका सरकारी झाल्या तेव्हा देशात सव्वाआठ हजारांच्या आसपास शाखा होत्या, १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. खेड्यात बँक गेली ती यामुळे. आणि मंत्र्याच्या फोनवर दिलेले कर्ज बुडले तेही याच मालकीमुळे. आयुर्विमा महामंडळ १९५६ साली २४५ विमा संस्था एकत्र करून झाले, आणि २००० नंतर खासगी स्पर्धक आल्यावरही ते उभे राहिले. स्पर्धेने ते मेले नाही, सुधारले.

१२. सहकार हाच खरा समाजवाद, असे आमचे सर म्हणायचे. पटते का?

बऱ्याच अंशी पटते. मुंबईत लाखो कुटुंबे गृहनिर्माण सोसायटीत राहतात, म्हणजे सामूहिक मालकीचा अनुभव या शहराला रोजचा आहे. आमच्या सोसायटीत गच्चीवरची टाकी दोन वर्षे गळत होती. दुरुस्तीवर दोनदा खर्च दाखवला गेला, सभासद सर्वसाधारण सभेत चहा-वेफर्स घेऊन हात वर करून उठत, आणि वरच्या मजल्यावरची भिंत ओली ती ओलीच. मग बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी व्हाउचरे मागितली. दोन बिले एकाच क्रमांकाची निघाली. पुढच्या निवडणुकीत कमिटी बदलली आणि तीन आठवड्यांत टाकी दुरुस्त झाली. मालकी आधीही आमचीच होती.

गिरगावात १९५९ साली सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन सुरू केलेला लिज्जत पापडाचा उद्योग याहून पुढचा आहे. सकाळी केंद्रावर कालचे पापड तोलून द्यायचे, मजुरी घ्यायची, मळलेले पीठ घरी न्यायचे. प्रत्येक लाटणारी भगिनी ही सहमालक, नफ्यात आणि तोट्यातही. भांडवल कमी, कौशल्य सर्वांना येणारे आणि दर्जा बोटांना कळणारा, म्हणून हे साधले. जिथे कोट्यवधींची यंत्रे लागतात तिथे काय होते, हे आपण साखर कारखान्यांत पाहतो: सभासद हजारो, कर्जाला सरकारची हमी, आणि अध्यक्ष पिढ्यान्‌पिढ्या एकाच घरातला. स्पेनच्या बास्क भागातल्या मोंद्रागोन समूहाने १९५६ पासून मोठे उद्योगही कामगारांच्या मालकीने चालवले आहेत. पण २०१३ साली त्यातली फागोर ही घरगुती उपकरणांची संस्था बुडाली, तेव्हा समूहाने तिला अनंतकाळ पैसे पुरवले नाहीत. कामगारांना इतर संस्थांत सामावून घेतले. बुडू देणे आणि माणसे सांभाळणे या दोन गोष्टी वेगळ्या करता आल्या, हे मला त्यांचे मोठेपण वाटते.

१३. केरळमध्ये निवडणुकीने आलेले कम्युनिस्ट चालले, बंगालमध्ये का अडकले?

केरळात १९५७ साली नंबुद्रिपाद यांचे सरकार आले आणि १९५९ साली केंद्राने ते बरखास्त केले. तिथे नंतर सत्ता आलटून पालटून फिरत राहिली, त्यामुळे १९७० पासून लागू झालेल्या जमीन सुधारणा, शाळा, दवाखाने यांवर दोन्ही बाजूंना एकमेकांच्या वरचढ काम करावे लागले. उद्योग मात्र फारसे आले नाहीत. संसार चालला तो आखातातून येणाऱ्या पैशावर. माल न उचलता ‘नुसते पाहण्याची’ हमाली घेण्याची प्रथा डाव्या सरकारनेच २०१८ साली बंद केली. बंगालमध्ये १९७७ पासून सलग ३४ वर्षे एकच आघाडी राहिली. सुरुवातीच्या ‘बर्गा’ (बटाईच्या शेतीच्या) नोंदणीने कुळांना खरोखर आधार दिला. पण पक्ष, पंचायत आणि पोलीस ठाणे एकच झाल्यावर गावातली नाराजी वर पोहोचेनाशी झाली, आणि २००७ साली नंदीग्राममध्ये शेतकऱ्यांवर गोळीबार झाला तेव्हा सरकारला आपल्याच मतदारांचे मन कळलेले नव्हते (प्रश्न २ मधील तिसरी कसोटी).

१४. मी शेअर बाजारात पैसे गुंतवतो. मग मला समाजवादी म्हणवून घेता येईल का?

हा प्रश्न चेष्टेने येतो, पण चांगला आहे. स्वीडनमध्ये १९८४ ते १९९१ या काळात नफ्यावरच्या करातून कामगारांच्या वतीने कंपन्यांचे शेअर घेणारे निधी होते. मूळ कल्पना अशी होती की हळूहळू मालकीच कामगारांकडे यावी. मालकांनी रस्त्यावर उतरून विरोध केला आणि सरकार बदलल्यावर ते गुंडाळले गेले. नॉर्वेने तेलाचा पैसा ज्या निधीत घातला, त्याच्याकडे आज जगातल्या नोंदणीकृत शेअरपैकी सुमारे दीड टक्का आहे, म्हणजे भांडवल सार्वजनिक मालकीचे आणि बाजार जिथल्या तिथे.

तुम्ही पगारदार असाल तर तुमच्या भविष्य निर्वाह निधीतल्या नव्या जमेचा काही भाग ऑगस्ट २०१५ पासून निर्देशांकाच्या फंडांतून शेअर बाजारात जातच आहे. त्यामुळे दलाल स्ट्रीटवर पाऊल न ठेवलेला कामगारही देशातल्या बड्या कंपन्यांचा तिळाएवढा मालक आहे. अडचण एवढीच की नॉर्वेचा निधी कंपन्यांच्या सभांत स्वतः मत देतो आणि ते कसे देणार हे सभेच्या पाच दिवस आधी जाहीर करतो. आपल्याकडे ते मत फंड चालवणारी कंपनी देते, आणि ज्याच्या पगारातून पैसे कापले त्याला ते कोणी विचारत नाही.